धा गिळायचा: पेटीच्या हातांनी रेगे वाजवताना

आमच्याकडे कुठलाही कीबोर्ड म्हणजे ‘कॅसिओ’. यामाहा असो की रोलँड, गणपतीत ऑर्केस्ट्रा आला की पोरं विचारणार, “कॅसिओवर कोण आहे?” साताऱ्याच्या आसपास अकरा वर्षं त्या कॅसिओवर मी होते. त्याआधी वडिलांच्या भजनी मंडळात पेटी. हात बऱ्यापैकी तयार होते. मग गोव्यात रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, वाजवणाऱ्या एका बँडला कीबोर्डवर कुणीतरी हवं होतं, म्हणून गेले. पहिल्या तालमीत दोन मिनिटं झाली नसतील, ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि शांतपणे विचारलं, “तू दर वेळी एकवर का येतेस?”

मी समेवर येत होते. समेवर यायचं नाही, तर कुठे यायचं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. त्यानंतर चार महिने मी फक्त तेवढंच शिकले. आता पुण्यात माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण पेटीवरून किंवा ऑर्केस्ट्रातूनच आलेले असतात, आणि प्रत्येकाचं गाडं त्याच जागी अडतं. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी. कीबोर्ड साधा, एकसष्ट पट्ट्यांचा असला तरी चालेल. आवाजांपैकी एक पियानो आणि एक ऑर्गन ठीक असला की पुरे.

आधी केहरवा म्हणा

कीबोर्ड बंद ठेवा. तोंडाने केहरवा म्हणा: धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रा. पहिलीवर सम, पाचवीवर खाली. हे कुणालाही येतं.

आता पहिला ‘धा’ आणि पाचवा ‘ना’ गिळून टाका. मनात म्हणा, तोंडातून बाहेर येऊ देऊ नका. उरतं ते असं: (गप्प) गे ना ती, (गप्प) क धी ना. पाच मिनिटं हेच म्हणत राहा, लय न बदलता. हा रेगेच्या ऑर्गनचा पूर्ण ठेका झाला. जमैकात त्याला ‘बबल’ म्हणतात, कारण मंद आचेवर रस्सा रटरटावा तसा तो गाण्याच्या खालून सतत उकळत असतो.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ७५ वर, म्हणजे मिनिटाला ७५ ठोक्यांवर, लावा. त्याचा प्रत्येक ठोका एकदा समेवर आणि एकदा खालीवर पडेल, म्हणजे नेमका तुम्ही गप्प असताना. सुरुवातीला हे फार अवघड जातं. ठोका ऐकला की हात आपोआप खाली जातो, कारण आजवर आपण ठोक्याबरोबरच वाजवत आलो. ठोका ऐकून हात वर राहिला पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीला हे जमत नव्हतं, तर तिला मी प्रत्येक ठोक्यावर श्वास आत घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जमलं. श्वास आत जात असताना हात आपटणं शरीराला अवघड जातं, एवढंच त्यात होतं.

रेगेत या दोन मात्रांचं काय होतं ते सांगते, म्हणजे गिळायचं का ते कळेल. ‘वन ड्रॉप’ नावाचा जो मुख्य ठेका आहे, त्यात समेवर मोठा ढोल वाजतच नाही. ढोल आणि स्नेअरची, म्हणजे छोट्या ड्रमची, कड दोन्ही मिळून पाचव्या मात्रेवर पडतात. बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याने हा ठेका जगभर पोहोचवला. म्हणजे आपल्याकडे जी खाली, तिथे त्यांचा सगळा भार, आणि आपली जी सम ती त्यांच्याकडे मोकळी. बेस वाजवणाराही कितीतरी गाण्यांत समेला हात लावत नाही. सगळे जण मिळून एक जागा मोकळी ठेवतात आणि ऐकणाऱ्याचं शरीर ती जागा भरतं. तिथे कीबोर्डवाल्याने कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन स्वर) दाबली, की नाचणाऱ्याच्या पायाखालची जागाच आपण घेतली. माझ्यामुळे ड्रमरने काठ्या ठेवल्या त्या यासाठी.

उजवा हात: तव्याला बोट लावावं तसा

पहिल्यांदा फक्त पियानो. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे पहिल्या चारांतल्या ‘ना’वर आणि दुसऱ्या चारांतल्या ‘धी’वर, एक एक कॉर्ड. गिटारवाला हेच करतो तेव्हा त्याला स्कँक म्हणतात, पियानोवर त्याला बँग म्हणतात. आम्ही तालमीत दोन्हीला ‘चॉप’च म्हणतो. ही सवय रेगेपेक्षा जुनी आहे. थिओफिलस बेकफर्ड या जमैकातल्या किंग्स्टनच्या पियानोवादकाचं १९५९ साली बाहेर आलेलं ‘ईझी स्नॅपिंग’ ऐका. अजून स्का हे रेगेच्या आधीच्या प्रकाराचं नावही रुळलं नव्हतं, पण पियानो ठोक्याच्या मधल्या जागेवर जोर देतोय हे स्पष्ट ऐकू येतं.

कॉर्ड निवडताना पेटीच्या भाषेत सांगते. ए मायनर घ्या: पांढरी एक, तीन आणि सहा, मधल्या सप्तकात. मग डी मायनर: पांढरी दोन, चार आणि सहा. करंगळी सहावर तशीच राहते, बाकी दोन बोटं एकेक पट्टी उजवीकडे सरकतात. बस्स. बी.ए.च्या परीक्षेसारखं मूळ स्वर खाली, बाकी वर, असं मांडून उड्या मारत बसू नका. हात जितका कमी हलेल तितका ठेका घट्ट बसतो. मूळ स्वर द्यायला बेस आहेच. त्याच्या घरात जायचं नाही. मधल्या ‘सी’च्या खाली पियानोचा चॉप जाड आणि चिखलासारखा होतो, म्हणून मी उजवा हात त्या ‘सी’पासून वरच्या सव्वा सप्तकातच ठेवते.

आता खरी गोष्ट: कॉर्ड किती वेळ दाबायची. पेटीवाल्याचा हात स्वर धरून ठेवायला शिकलेला असतो. गायकाच्या मागे स्वर तुटू द्यायचा नाही, हे आमच्या बोटांत भिनलेलं आहे. इथे उलट. तापल्या तव्याला बोट लागावं तसं: लागलं, उचललं. ७५ च्या लयीत एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते. माझा चॉप त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी असतो. पण ‘लहान’ म्हणजे ‘जोरात’ असं समजू नका. नवीन मुलं वरून हात आपटतात आणि पियानो कर्कश होतो. बोटं पट्ट्यांवर टेकलेलीच ठेवा, मनगटातून एक छोटा झटका द्या, आणि पट्टी वर येईल तेवढंच बोट सैल करा. हात हवेत जायची गरजच नाही. बाजूला उभ्या माणसाला तुमचे हात जवळजवळ स्थिर दिसले पाहिजेत.

स्वर लांबवणारं सस्टेन पेडल काढून ठेवा. पायाजवळही नको.

रोज पंधरा मिनिटं फक्त हे दोन कॉर्ड, चार चार आवर्तनं प्रत्येकी. कंटाळा येतो. पहिल्या आठवड्यात मलाही वाटायचं की यात शिकण्यासारखं काय आहे. मग एके रात्री मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्ड ऐकलं. अठ्ठावीस चॉप होते, आणि त्यातले दोनसुद्धा सारख्या लांबीचे नव्हते. तेव्हापासून मी आधी लांबी ऐकते, स्वर नंतर.

डावा हात: भात्यावरचा हात मोकळा करणं

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भाता चालवतो. त्याला कॉर्ड माहीत नाही, बोटं वेगळी हलवायची सवय नाही. ऑर्केस्ट्रातही आम्ही डाव्या हाताने एखादा बेसचा स्वर किंवा लांब स्ट्रिंग्जची कॉर्ड धरून ठेवतो. बबलमध्ये मात्र डाव्याला उजव्यापेक्षा दुप्पट काम आहे. गे, ती, क आणि शेवटचा ना हे चार बोल त्याचे. ना आणि धी हे दोन उजव्याचे.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून बघा. दोन्ही तळवे ओट्यावर. गप्प, डावा, उजवा, डावा. गप्प, डावा, उजवा, डावा. कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत चूक झाली नाही, की लय थोडी वाढवा. ६० पासून सुरू करून ७५ पर्यंत यायला मला दोन आठवडे लागले. जिथे चुकतं ती जागा ठरलेली असते: आठव्या मात्रेवरचा डावा वाजला, की पुढची सम गिळायच्या ऐवजी उजवा घाईने तिथे पडतो. तेव्हा आठव्या मात्रेवर थांबून, हात वर न उचलता, ‘धा’ मनातल्या मनात मोठ्याने म्हणा.

मग कीबोर्डवर या, ऑर्गनचा आवाज लावा. उजव्या हातात तीच कॉर्ड, मधल्या सप्तकात. डाव्या हातात तीच कॉर्ड एक सप्तक खाली, पण तिन्ही स्वर नकोत, वरचे दोन पुरतात. डाव्याचे फटके उजव्यापेक्षा हलके ऐकू यावेत. ऑर्गनमध्ये जोराने दाबल्याने आवाज वाढत नाही, मग हलके कसे करायचे? लांबी आणखी कमी करून. डाव्याने पट्टीला नुसतं शिवायचं, उजव्याने क्षणभर जास्त धरायचं. कान या लांबीलाच जोर समजतो.

यानंतर एक बारीक गोष्ट आहे, ती कागदावर लिहून दाखवता येत नाही. ‘गे’ आणि ‘ती’ हे डाव्याचे फटके अगदी चौकोनी पडले तर बबल शिवणयंत्रासारखा वाजतो. ते किंचित, अगदी केसभर, मागे पडले की तो डोलायला लागतो. किती मागे, हे गाण्यागणिक बदलतं. ढोलकीवाल्याला लावणीचा ठेका धरताना पाहिलं असेल, तर चाटीवरचं बोट कसं जरा रेंगाळून येतं ते आठवा. तेवढंच. हे यायला ऐकणं हा एकच रस्ता आहे.

आणि ऐकायचं तर विन्स्टन राइटचा ऑर्गन ऐका. हॅरी जे ऑल स्टार्सचं १९६९ सालचं ‘लिक्विडेटर’ हे वाद्यगीत म्हणजे त्याचा ऑर्गनच. १९६८ च्या सुमारास रॉकस्टेडी या आधीच्या प्रकारातून रेगे वेगळं झालं, तेव्हा ऑर्गनची ही खुडबुड ही त्या बदलाची एक ठळक खूण होती. त्याच्या जोडीला जॅकी मिटू. कॉक्सन डॉडच्या किंग्स्टनमधल्या स्टुडिओ वनमध्ये संगीताची बाजू सांभाळणारा हा माणूस विशीच्या आतच स्कॅटलाइट्स बँडमध्ये वाजवत होता, आणि १९९० साली, वयाच्या ४२ व्या वर्षी गेला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बसवलेले रिडिम आजही नव्या गायकांच्या मागे वाजतात. रिडिम म्हणजे ठेका, बेस आणि कॉर्ड मिळून झालेली मूळ बैठक. एकच रिडिम, त्यावर पन्नास गायकांची पन्नास गाणी. भजनी मंडळात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका चालीवर आपण किती अभंग म्हणतो!

ऑर्गनचा आवाज कसा लावायचा

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. इथला ऑर्गन वेगळा: हॅमंड, विजेवर चालणारा, १९३५ पासून बाजारात आलेला. त्याच्या प्रत्येक पट्टीसमूहाला नऊ दांड्या असतात, त्या बाहेर ओढाल तसा आवाजात एकेक थर मिसळतो. आवाज लेस्ली नावाच्या फिरत्या भोंग्यातून बाहेर येतो. आजच्या स्वस्त कीबोर्डवरही दांड्यांची नक्कल असते, नाहीतर मोबाइल-लॅपटॉपवर मिळते. बबलसाठी माझी मांडणी: पहिली आणि तिसरी दांडी पूर्ण बाहेर, दुसरी अर्धी, बाकी सगळ्या आत. लेस्ली संथ. ‘पर्कशन’, म्हणजे स्वराच्या सुरुवातीचा टणका, बंद. आवाज एकट्याने ऐकला तर मंद, दबका वाटेल, आणि तसाच हवा. मधूनच एखादी छोटी धून वाजवायची असेल तेव्हा पर्कशन लावा, वरच्या एकदोन दांड्या ओढा आणि लेस्ली जोरात फिरवा. १९७५ साली लंडनच्या लायसियममध्ये झालेल्या बॉब मार्लीच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवा. त्यात टायरोन डाउनी ऑर्गनवर आहे. ‘नो वुमन, नो क्राय’ची सुरुवात ऐकताना पेटी शिकलेल्यांनी लक्ष द्यावं: तिथे ऑर्गन स्वर धरतो, लांबवतो, अगदी आपल्यासारखा. म्हणजे धरणं वर्ज्य नाही. ते बबलच्या जागी करायचं नाही, इतकंच.

क्लॅविनेट हा तिसरा आवाज, तारांचा, खरखरीत, वा-वा पेडलमधून घेतलेला. मार्लीच्या १९७३ सालच्या ‘कॅच अ फायर’वर टेक्सासच्या जॉन ‘रॅबिट’ बंड्रिकने तो लंडनमध्ये नंतर भरला. गिटारच्या मधल्या फटी भरायला छान, पण पियानो, ऑर्गन, गिटार तिन्ही असताना मी तो सहसा टाळते. जागा उरत नाही.

मेलोडिका मात्र घ्याच. पेटीच्या हातांना ती दोन दिवसांत येते, फक्त भात्याऐवजी फुंकर. ऑगस्टस पाब्लोने मुलांच्या शाळेतलं हे वाद्य रेगेत असं मानाने बसवलं की आता मायनरमधली मेलोडिका ऐकली की त्याचंच नाव आठवतं. त्याच्या स्वरांमधली शांतता ऐका. एक ओळ वाजवतो, मग दोन आवर्तनं काहीच नाही.

लॅपटॉपवर

आता ध्वनिमुद्रण. साधा मिडी कीबोर्ड, एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन. सॉफ्टवेअर कुठलंही.

लय ७५ ठेवा आणि जाळी सोळाव्या भागाची. एका मापात सोळा चौकोन दिसतील, म्हणजे आपली दोन आवर्तनं. चॉप ३, ७, ११, १५ या चौकोनांत. बबलचा उजवाही त्याच चौकोनांत, डावा २, ४, ६ अशा सगळ्या सम आकड्यांवर. वन ड्रॉपचा ढोल आणि स्नेअरची कड ५ आणि १३ वर. स्टेपर्स नावाचा दुसरा ठेका हवा असेल तर ढोल १, ३, ५, ७ असा एकाआड एक, सगळीकडे. एवढं मांडलं की सराव करायला साथ तयार झाली.

पण माऊसने चौकोन भरून थांबू नका. हाताने वाजवून घ्या. मी पहिलं काम पाठवलं तेव्हा सगळे स्वर क्वांटाइझ करून जाळीवर शंभर टक्के बसवले होते, नीटनेटकं दिसावं म्हणून. ज्यांच्यासाठी केलं होतं त्यांनी दोन ओळींत परत पाठवलं: “सगळं बरोबर आहे, पण हलत नाही.” मला फार लागलं ते, कारण खरं होतं. आता क्वांटाइझ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर नेत नाही, आणि डाव्या हाताचे स्वर वेगळ्या ट्रॅकवर घेऊन दहा ते वीस मिलिसेकंद मागे सरकवून बघते. वीसच्या पुढे गेलं की ते आळसावलेले वाटतात. आणि व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर: ७ वरचा पियानो ३ वरच्यापेक्षा जरासा हलका ठेवला तर बरं वाटतं. हा माझा कान, तुमचा वेगळा असू शकतो.

मिक्स करताना पहिलं काम कापणं. पियानोच्या चॉपचं २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढा. ती बेसची जमीन आहे. ऑर्गनचं १५० च्या खालचं आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं काढा. पियानो थोडा डावीकडे, गिटारचा चॉप थोडा उजवीकडे, बबल मधोमध पण खाली. बबल किती खाली ठेवायचा? माझी चाचणी अशी: फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) हळूहळू उतरवत जा. ज्या क्षणी ‘आता ऑर्गन ऐकू येत नाही’ असं वाटेल तिथे थांबा आणि तो म्यूट करा. गाणं एकदम पोकळ झालं, तर फेडर योग्य जागी आहे. काहीच फरक पडला नाही, तर थोडा वर घ्या.

पियानोला स्प्रिंग रीव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्या, छोटा. मोठ्या हॉलचा रीव्हर्ब चॉपच्या मागे शेपूट लावतो आणि मोकळी सम भरून टाकतो. मग एवढे दिवस धा गिळला कशासाठी?

आता डिले, म्हणजे प्रतिध्वनी. किंग टबी हा किंग्स्टनचा विजेची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याने चार ट्रॅकच्या मिक्सरवर, प्रतिध्वनी आणि एक हाय-पास फिल्टर हाताशी धरून डब नावाचा प्रकार घडवला. तो मिक्सरच वाद्यासारखा वाजवायचा. आपल्याकडे तेच प्लगइनमध्ये आहे. डिलेची वेळ ६०० मिलिसेकंद ठेवा. ७५ च्या लयीत ती बरोबर तीन मात्रा होते. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी किती उरून पुन्हा फिरतो ते, चाळीस-पन्नास टक्के. परत येणाऱ्या आवाजाचा खालचा भाग फिल्टरने कापा, म्हणजे तो प्रत्येक फेरीत पातळ होत जाईल. डिले सतत चालू ठेवायचा नाही. त्याचा सेंड (डिलेकडे किती आवाज जातो ते) शून्यावर ठेवायचा आणि चार आवर्तनांत एकदा, एकाच चॉपवर, वर ढकलून लगेच खाली आणायचा. हे माऊसने नको. एखाद्या छोट्या नॉबवर किंवा फेडरवर घ्या, हाताने करा.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा वडिलांना हे ऐकवलं. त्यांना रेगेची फारशी आवड नाही, पण ठेका लागला की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालायला लागतो. तिसऱ्या मात्रेवरच्या चॉपवर मी डिले ढकलला. पेरांवर अंगठा थांबला. “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. तीनवर मूळ कॉर्ड, सहावर तिचा पहिला प्रतिध्वनी, आणि दुसरा प्रतिध्वनी पुढच्या समेवर. त्याच समेवर, जी आम्ही सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. “अगं, ही तिहाई आहे,” म्हणाले. मी तीन वर्षं तो आकडा प्लगइनमध्ये टाकत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

तर डिले तीनवरच्या चॉपवर द्या. सातवरच्याला दिलात तर तो दोनवर आणि मग पाचवर, ढोलावर, जाऊन पडतो. तेही वाईट नाही, पण तिथे आधीच ढोलाचा भार आहे आणि प्रतिध्वनी त्यात बुडतो.

ता. क. म्हणून एक राहिलं, ‘कॅसिओ’चं. १९८१ साली कॅसिओने एमटी-४० नावाचा छोटा कीबोर्ड काढला. त्यातले तयार ठेके हिरोको ओकुदा या तरुण जपानी संगीतकार बाईंनी बांधले होते. त्यांना स्वतःला रेगेचं वेड होतं. त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका बेससकट संथ करून जमैकाच्या किंग जॅमी या निर्मात्याने १९८५ साली वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ केलं, आणि जमैकात हाताने वाजवलेल्या वाद्यांच्या जागी यंत्रांवरचे रिडिम येण्याची मोठी लाट तिथून उसळली. तेव्हा घरात जुना, लहान पट्ट्यांचा कीबोर्ड धूळ खात पडला असेल तर तो टाकू नका. ठेका लावा, लय जितकी खाली जाईल तितकी न्या, आणि त्यावर तीन आणि सातचा चॉप धरून बघा. डब करायचा असेल तर त्याच साथीवर एका बैठकीत तीन टेक घ्या, मध्ये न थांबता, चुकलं तरी पुढे जात. माझ्या बाबतीत पहिल्यात डिले जास्त पडतो, तिसऱ्यात हात दमलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा दुसराच ठेवते.